बराम्बा : एका पुसलेल्या मतदारसंघाचा हिशेब

प्रश्न दोन भागांत विचारला गेला आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याच्या विधानसभेत बराम्बा नावाचा एक ग्रामीण मतदारसंघ होता. तिथून राज्याचे एकेकाळचे मुख्यमंत्री जोह ब्येल्की-पीटरसन सदतीस वर्षे आमदार राहिले, ते मतदारसंघांच्या आखणीतल्या हातचलाखीमुळे का? आणि पुढे मतदारसंघच रद्द झाला, तो त्या हातचलाखीची शिक्षा म्हणून का?

दोन्हींचे माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. हातचलाखी झाली नाही असे मात्र मी म्हणत नाही. ती झाली, उघडपणे झाली, कायदा करून झाली. फक्त ती बराम्बाच्या आत दिसत नाही. माझा बराच काळ मतदारसंघांच्या फेररचनेच्या कामात, याद्या आणि नकाशे यांच्यात गेला आहे, त्यामुळे एक गोष्ट पक्की ठाऊक आहे : एकाच मतदारसंघाचा नकाशा समोर घेऊन बसलात तर आखणीतली लबाडी कधीच सापडत नाही. त्यासाठी शेजारचे नकाशे आणि बेरजेची वही दोन्ही लागतात.

आधी जागा समजून घेऊ. ब्रिस्बेनच्या वायव्येला दोनशे किलोमीटरांच्या थोडे पुढे किंगारॉय हे गाव. मर्गन, वॉन्डाय, ननँगो ही आसपासची छोटी गावे. या टापूला साउथ बर्नेट म्हणतात. लालभडक माती आणि भुईमूग ही त्याची ओळख. गावात शिरलात की भुईमुगाचे उंच सायलो आधी दिसतात, चर्च नंतर. १९२४ साली इथल्या भुईमूग उत्पादकांसाठी सरकारी कायद्याने पणन मंडळ स्थापन झाले आणि माल त्याच्यामार्फत विकला जाऊ लागला. दूध, लोणी, डुकरे, मका हे जोडीला होतेच. इथला मतदार मजूर नव्हता, स्वतःच्या जमिनीचा छोटा मालक होता. शेतीमालाची संस्था आणि राजकारण यांची जी गाठ आपल्याकडे साखर कारखान्यांच्या पट्ट्यात बसलेली दिसते, तशीच तिथे भुईमूग आणि लोण्याभोवती बसली होती. बराम्बाची पुढची सगळी गोष्ट या मालकीत आहे, म्हणून आधी सांगून ठेवतो.

जोह मूळचे तिथले नव्हेत. १९११ साली न्यूझीलंडमध्ये, डॅनिश कुटुंबात जन्म. दोन वर्षांचे असताना कुटुंब किंगारॉयजवळ शेती करायला आले. लहानपणी पोलिओ, पुढे शेंगांची शेती. मग दोन बुलडोझरांच्या मध्ये जाड साखळदंड ताणून झाडोऱ्याची जमीन साफ करून देण्याची कंत्राटे, विमानातून फवारणी असे उद्योग. १९४६ साली ते स्थानिक कौन्सिलवर गेले आणि १९४७ साली ग्रामीण मतदारांच्या कंट्री पक्षाकडून ननँगो मतदारसंघाचे आमदार झाले. होय, ननँगो, बराम्बा तेव्हा नव्हताच. ननँगो १९१२ पासून होता. हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

बराम्बा जन्माला आला तो १९४९ च्या कायद्याने, प्रत्यक्ष निवडणूक १९५० ची. तो कायदा जोह यांच्या पक्षाचा नव्हता. तो लेबर पक्षाचा, मुख्यमंत्री नेड हॅनलन यांच्या सरकारचा. जागा ६२ वरून ७५ केल्या आणि राज्याचे चार विभाग पाडले : महानगर २४ जागा, आग्नेय २८, उत्तर १३ आणि पश्चिम १०. मतदार पश्चिमेला विरळ, जागा मात्र त्या मानाने जास्त. कारण सांगितले गेले ते सर्वांना पटण्यासारखे होते : अंतरे प्रचंड, रस्ते वाईट, आमदाराला फिरणे अवघड. न सांगितलेले कारण असे, की तेव्हाच्या पश्चिम क्वीन्सलँडमध्ये मेंढ्यांची लोकर कातरणारे कामगार, रेल्वे कर्मचारी आणि खाणमजूर राहत होते आणि ते कामगार संघटनेच्या शिस्तीने लेबरला मत देत. थोडक्यात, ग्रामीण मताला वजन देण्याची युक्ती तिथल्या डाव्यांची. कंट्री पक्षाने त्या कायद्याला कडाडून विरोध केला. १९५० साली लेबरला ४७ टक्क्यांच्या आसपास मते आणि ७५ पैकी ४२ जागा मिळाल्या. शिवाय राज्याचे वरिष्ठ सभागृह लेबरनेच १९२२ साली मोडीत काढले होते, त्यामुळे असा कायदा अडवायला वर कोणी नव्हते. ही गोष्ट पुढे त्यांच्याच अंगाशी आली.

या आखणीत ननँगो हे नाव गेले आणि त्याच टापूला बराम्बा हे नाव मिळाले, तिथल्या ओढ्यावरून. जोह नव्या नावाने पुन्हा निवडून आले. म्हणजे बराम्बा हा विरोधकांच्या कारखान्यात घडलेला मतदारसंघ होता, आणि तो पडला होता आग्नेय विभागात, जिथे पश्चिमेइतके मताचे वजन नव्हते. ‘जोह यांनी स्वतःसाठी मतदारसंघ कोरून घेतला’ ही समजूत इथेच बाद होते.

१९५७ मध्ये सगळे उलटले. कामगारांना तीन आठवड्यांची भरपगारी रजा देण्याच्या वादावरून लेबर पक्षाने आपल्याच मुख्यमंत्र्याला, व्हिन्स गेअर यांना, काढून टाकले. पक्ष फुटला, आणि कंट्री पक्षाचे फ्रँक निकलिन लिबरलांना सोबत घेऊन सत्तेवर आले. विरोधी बाकांवर बसून ज्या विभागवार पद्धतीला शिव्या घातल्या, ती आता त्यांच्या हातात होती. त्यांनी ती मोडली नाही, धार लावून घेतली. १९५८ च्या कायद्याने जागा ७८ झाल्या आणि विभाग तीन : महानगर २८, प्रांतिक शहरे १२, ग्रामीण ३८.

यातला खरा डाव ३८ या आकड्यापेक्षा मधल्या १२ मध्ये आहे. रॉकहॅम्प्टन, टाउन्सव्हिल, इप्सविच अशी शहरे म्हणजे कारखाने, बंदर, रेल्वे यार्ड. लेबरची हक्काची मते. ही शहरे त्यांच्या आसपासच्या शेतीपट्ट्यासोबत एका मतदारसंघात राहिली तर शेतकऱ्यांची मते शहरात बुडतात. शहराभोवती कुंपण घालून त्याचा वेगळा मतदारसंघ केला की लेबरची मते त्या कुंपणात कोंडली जातात. तिथे लेबर हजारोंच्या आघाडीने जिंकतो आणि बाहेरच्या दोन-तीन जागा कंट्री पक्षाला निवांत मिळतात. जिंकायला लागतात त्याहून जास्त मते एका जागेत साठवायची, म्हणजे ती वाया जातात. मताचे वजन आणि रेषेची वळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही एकत्र वापरल्या की परिणाम चक्रवाढीने येतो. किंगारॉय असे वेगळे कुंपण घालण्याइतके मोठे कधीच नव्हते. ते आपल्या शिवारासकट बराम्बातच राहिले.

जोह १९६३ मध्ये मंत्री झाले. १९६८ च्या जुलैअखेर मुख्यमंत्री जॅक पिझी अचानक वारले आणि ८ ऑगस्टला जोह मुख्यमंत्री झाले. भुईमुगाचा एक शेतकरी, फारसा न शिकलेला, अडखळत वाक्ये तोडणारा. ब्रिस्बेनच्या पत्रकारांना वाटले हा काही टिकत नाही. हा गृहस्थ १ डिसेंबर १९८७ पर्यंत टिकला. पत्रकार परिषदेला ते ‘कोंबड्यांना दाणे टाकणे’ म्हणत, आणि अडचणीचा प्रश्न आला की ‘त्याची तुम्ही काळजी करू नका’ एवढे सांगून पुढे जात.

आता या काळातल्या ज्या आकड्यांवरून सगळा गदारोळ होतो ते पाहू. १९७१ मध्ये नवी आखणी झाली : ८२ जागा, चार विभाग, आग्नेय ४७, प्रांतिक शहरे १३, ग्रामीण १५, पश्चिम व सुदूर उत्तर ७. १९७२ च्या निवडणुकीत लेबरला पावणेसत्तेचाळीस टक्के मते आणि ३३ जागा. लिबरलांना २२ टक्के आणि २१ जागा. जोह यांच्या कंट्री पक्षाला २० टक्के मते, जागा २६, आणि वर मुख्यमंत्रिपद. ‘२० टक्क्यांवर राज्य’ हे वाक्य तेव्हापासून प्रत्येक लेखात येते, आणि पत्रकारांनी जोह यांचे आडनाव ‘जेरीमँडर’ (आखणीतली लबाडी) या इंग्रजी शब्दाला जोडून या पद्धतीला ‘ब्येल्कीमँडर’ हे नावही देऊन टाकले.

हा आकडा खरा आहे, पण अर्धाच. कंट्री पक्ष ब्रिस्बेनमधल्या बहुतेक जागा लढवतच नव्हता, त्या मित्रपक्षाकडे असत. जो पक्ष निम्म्या राज्यात उमेदवारच देत नाही त्याची टक्केवारी सगळ्या राज्यावर काढली तर ती लहान दिसणारच. दोघे मिळून धरले तर ४२ टक्के होतात. त्यातच लेबरमधून फुटून निघालेल्या गटाचे वारसदार, डेमोक्रॅटिक लेबर पक्ष, यांना मिळालेल्या साताठ टक्क्यांतली पसंतीची मते (आपला उमेदवार बाद झाला की पुढच्या पसंतीला जाणारी) मुख्यतः युतीकडे वळत. १९६३ पासून तिथे सर्व उमेदवारांना पसंतीक्रम देणे सक्तीचे होते. हे सगळे जमेस धरले तर लढत जवळजवळ बरोबरीची होते. विभागवार वजनाचा लाभ त्यानंतर मोजायचा. लाभ होता, आणि चांगला होता. पश्चिमेच्या एका आमदारामागे जितके मतदार, त्याच्या दुपटीच्या आसपास ब्रिस्बेन भागातल्या आमदारामागे. पण या वजनाचा सर्वांत मोठा फटका बसला तो लेबरइतकाच जोह यांच्या मित्रपक्षाला, लिबरलांना. त्यांची मते शहरांत, जिथे मत हलके. युतीत लिबरल कायम धाकटे राहिले ते या गणितामुळे. १९८३ मध्ये युती तुटली तेव्हा नॅशनल पक्षाने (कंट्री पक्षाने १९७४ मध्ये घेतलेले नवे नाव) ८२ पैकी ४१ जागा एकट्याने घेतल्या, दोन लिबरल आमदार फोडले आणि बहुमत पूर्ण केले. १९८६ मध्ये, ८९ जागांच्या नव्या नकाशावर, त्यांना ३९.६ टक्के मतांत ४९ जागा मिळाल्या. लेबरला ४१ टक्क्यांवर ३०. इथे मात्र ‘आम्ही सगळीकडे लढत नाही’ ही सबब उरत नाही. पद्धतीचा दोष कागदावर मांडायचा असेल तर १९७२ पेक्षा १९८६ चे आकडे घ्यावेत, ते जास्त बोलके आहेत.

मग बराम्बाचे काय? तिथे यातल्या कशाचीही गरज नव्हती. शेतमालक, लूथरन चर्च, पणन मंडळ, आणि दर रविवारी गावात दिसणारा आमदार. बराम्बातून शंभर मतदार काढले किंवा हजार घातले तरी जोह पडले नसते. वजनाच्या पद्धतीने त्यांना आमदार केले नाही, मुख्यमंत्री ठेवले. हा फरक बहुतेक लेखांत सुटतो.

मुख्यमंत्र्याचा मतदारसंघ असल्याचे फायदे झालेच. ननँगोजवळ टॅराँग इथे १४०० मेगावॉटचे कोळशावरचे वीज केंद्र आले, १९८० च्या दशकाच्या मध्यात ते सुरू झाले. दुसऱ्या जागा चर्चेत असताना हीच का, यावर तेव्हा पुष्कळ टीका झाली. मर्गनजवळ बार्कर ओढ्यावर धरण बांधले. १९८८ मध्ये ते पूर्ण झाले आणि त्याला ब्येल्की-पीटरसन धरण असे नाव मिळाले.

एक गोष्ट मात्र मतदारसंघाच्या कौतुकात नेहमी गाळली जाते. बराम्बा हे नाव ओढ्याचे तसेच एका वसाहतीचेही होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सरकारने मर्गनच्या दक्षिणेला बराम्बा या नावाची आदिवासी वसाहत वसवली. राज्याच्या वेगवेगळ्या भागांतून मूळ रहिवाशांना उचलून तिथे आणले गेले, मुलांना आईबापांपासून वेगळे डॉर्मिटरीत ठेवले गेले, बाहेर जायला परवाना लागत असे. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला तिचे नाव बदलून शेरबर्ग झाले. १९५० साली मतदारसंघाला बराम्बा नाव मिळाले तेव्हा त्याच नावाने ओळखल्या गेलेल्या या वसाहतीतल्या लोकांना मत नव्हते. क्वीन्सलँडने आदिवासींना राज्याच्या निवडणुकीत मताधिकार दिला १९६५ मध्ये, ऑस्ट्रेलियातल्या सर्व राज्यांत शेवटी. हेच राज्य १९१५ पासून मतदान सक्तीचे करून बसले होते हे इथे आठवावे. आणि तिथे मतदारसंघ बेतले जातात नोंदलेल्या मतदारांवरून. म्हणजे शेरबर्गचे लोक मतपेटीत तर नव्हतेच, पण जागा वाटताना करायच्या बेरजेतही नव्हते. ‘ग्रामीण माणसाचा आवाज’ म्हणून ज्या वजनाचे समर्थन झाले, ते वजन कोणत्या ग्रामीण माणसाचे, हा प्रश्न मला तरी इथे टाळता येत नाही.

शेवट वेगाने झाला. १९८७ च्या सुरुवातीला जोह यांना थेट पंतप्रधान होण्याची हुक्की आली. त्या मोहिमेने देशभरची विरोधकांची युती मोडली आणि जुलैत लेबरचे पंतप्रधान बॉब हॉक आरामात पुन्हा निवडून आले. दरम्यान मे महिन्यात क्वीन्सलँड पोलिसांतल्या भ्रष्टाचारावर दूरचित्रवाणीवर एक खणखणीत वृत्तान्त आला. जोह राज्याबाहेर होते. हंगामी मुख्यमंत्री बिल गन यांनी चौकशी आयोग नेमून टाकला. तोच फिट्झगेराल्ड आयोग. डिसेंबरात पक्षानेच जोह यांना घालवले. माइक अहर्न मुख्यमंत्री झाले. जोह यांनी आमदारकीही सोडली.

पोटनिवडणूक १६ एप्रिल १९८८ ला झाली. नॅशनल पक्षाने उमेदवार दिला वॉरेन ट्रस यांना. किंगारॉय कौन्सिलचे अध्यक्ष, शेतकरी, निर्वेध माणूस. चाळीस वर्षे पक्षाची असलेली जागा, राज्यातली सर्वांत सुरक्षित म्हणावी अशी. ट्रस पडले. निवडून आले ट्रेव्हर पेरेट, सिटिझन्स इलेक्टोरल कौन्सिल नावाच्या एका लहानशा, पक्षांवर राग असलेल्या संघटनेकडून. आपल्या माणसाला ब्रिस्बेनवाल्यांनी दगा दिला, हा राग बराम्बाने मतपेटीत ओतला. पेरेट वर्ष संपायच्या आत नॅशनल पक्षात गेले आणि पुढे तीन निवडणुका त्याच पक्षाकडून जिंकले. १९९६ मध्ये शेतीखात्याचे मंत्रीही झाले. पडलेले ट्रस १९९० मध्ये वाइड बे मधून केंद्रीय संसदेत गेले आणि २०१३ साली देशाचे उपपंतप्रधान झाले. बराम्बाने नाकारलेला माणूस इतका वर गेला, हे किंगारॉयमध्ये अजून गमतीने सांगतात.

यातून आपल्या प्रश्नाला काय मिळते? मताचे वजन, विभाग, कुंपण या सगळ्याचा उपयोग पक्षाला दुसऱ्या पक्षाविरुद्ध होतो. स्वतःच्याच मतदाराचा राग अडवायला त्यातले काहीही कामी येत नाही.

हेच राज्यपातळीवर दीड वर्षाने दिसले. २ डिसेंबर १९८९ ला वेन गॉस यांच्या लेबर पक्षाने ८९ पैकी ५४ जागा जिंकल्या, आणि त्या जिंकल्या त्याच वाकड्या नकाशावर, जो अभेद्य म्हणून सांगितला जात होता. बत्तीस वर्षांनी लेबर परत आला तेव्हा त्याची मते पन्नास टक्क्यांच्या किंचित वर होती. म्हणजे पद्धत अभेद्य नव्हती. लेबरला जिंकण्यासाठी इतरांपेक्षा बराच जास्त घाम गाळायला लावणारी होती. आपला पक्ष तितकी मते वर्षानुवर्षे मिळवू शकला नाही, याचे खापर लेबरच्या काही पुढाऱ्यांनी नकाशावर फोडले तेही सोयीचेच होते.

फिट्झगेराल्ड अहवाल जुलै १९८९ चा. पोलीस आणि लाचलुचपतीच्या चौकशीतून निघालेला अहवाल निवडणूक पद्धतीवर कशाला बोलतो, असे तेव्हा काहींनी विचारले. आयोगाचे म्हणणे सरळ होते : ज्या सरकारला हरण्याची भीती नाही त्याच्यावर कोणाचा वचक राहत नाही. त्याच्या शिफारशीवरून निवडणूक आणि प्रशासन सुधारणेसाठी स्वतंत्र आयोग नेमला गेला. त्याने विभाग रद्द करायला सांगितले, कायदा करून ते रद्द झाले, आणि १९९२ ची निवडणूक नव्या नकाशावर झाली. बराम्बा मात्र त्यातून वाचला. शिक्षाच करायची असती तर ती १९९२ मध्येच झाली असती. मतदारसंघाच्या रेषा हलल्या, नाव राहिले, पेरेट राहिले.

बराम्बाचा तिसरा आणि शेवटचा आमदार आला १९९८ मध्ये. त्या जूनच्या निवडणुकीत पॉलीन हॅन्सन यांच्या वन नेशन पक्षाने राज्यात जवळपास २३ टक्के मते आणि ११ जागा घेतल्या. त्यातली एक बराम्बा. डॉरोथी प्रॅट यांनी पेरेट यांना पाडले. कारणे शोधायला लांब जावे लागत नाही. पोर्ट आर्थर हत्याकांडानंतर १९९६ मध्ये बंदुकांवर कडक बंधने आली आणि शेतकऱ्यांच्या घरातल्या बंदुका सरकारने विकत घेतल्या. दुधाच्या भावाचे संरक्षण निघणार हे दिसत होते. गावातली बँक, टपाल, कचेऱ्या एकेक करून जात होत्या, आणि हे सगळे आपल्याच मानलेल्या पक्षांच्या काळात. १९८८ चाच राग, फक्त दहा वर्षांनी वयाने वाढलेला. वन नेशनचे आमदार आपसात भांडून विखुरले. प्रॅट १९९९ मध्ये अपक्ष झाल्या.

आता रद्द होण्याचा भाग. हे काम कसे चालते ते सांगतो, कारण लोकांना वाटते की कुणीतरी खोलीत बसून एखादे नाव खोडतो. नियम दोनच. एकूण जागा ठरलेल्या, तिथे ८९. आणि प्रत्येक जागेतले मतदार सरासरीच्या दहा टक्के वर किंवा खाली, त्याबाहेर नाही. गोल्ड कोस्ट, सनशाइन कोस्ट, ब्रिस्बेनच्या कडेची उपनगरे दर वर्षी फुगतात. ग्रामीण भागातले मतदार कमी झाले पाहिजेत असेही नाही. ते आहेत तेवढेच राहिले तरी सरासरी वर चढते आणि ते खाली राहतात. मग आतल्या मतदारसंघांना एकमेकांचे तुकडे जोडत जावे लागते, आणि शेवटी आतल्या भागातली एक जागा शिल्लकच राहत नाही. तेवढीच एक किनाऱ्यावर निघते. १९९९ च्या फेररचनेत बराम्बाच्या बहुतेक भागाला दक्षिणेचा मुलूख जोडून मतदारसंघ मोठा केला गेला आणि त्याला नाव दिले ननँगो, म्हणजे १९५० पूर्वीचेच. २००१ च्या निवडणुकीपासून बराम्बा हे नाव विधानसभेच्या यादीत नाही. एक्कावन्न वर्षांत तीन आमदार.

महाराष्ट्रात २००८ च्या फेररचनेत नेमके हेच झाले. जागा २८८ च राहिल्या, मुंबई ३४ वरून ३६ वर गेली, आणि मालवण, पन्हाळा, जावळी ही नावे मतदारसंघांच्या यादीतून गेली. तेव्हा जी भाषणे झाली त्यात ‘आमचा मतदारसंघ अमुक नेत्याला संपवण्यासाठी काढला’ हा सूर प्रत्येक तालुक्यात होता. काही ठिकाणी रेषेच्या वळणावर संशय घ्यायला जागा असेलही. पण नाव का गेले याचे उत्तर बहुतेक वेळा २००१ च्या जनगणनेच्या तक्त्यात मिळते.

एक फरक मात्र मोठा आहे, आणि तुलना करणारे तो विसरतात. आपण लोकसंख्या मोजतो, क्वीन्सलँड नोंदलेले मतदार. लोकसंख्या धरली की लहान मुले, नाव न नोंदवलेले, मताधिकार नसलेले सगळे बेरजेत येतात आणि त्यांच्या वाटची जागा त्या भागाला मिळते. मतदार धरले की शेरबर्गसारखी गावे बेरजेतूनच गळतात. आपली अडचण वेगळी आहे : राज्याराज्यांतल्या लोकसभेच्या जागांची वाटणी १९७६ पासून १९७१ च्या जनगणनेवर गोठवलेली आहे, २००१ मध्ये ती मुदत आणखी पुढे नेली, २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत. राज्याच्या आत समान वजन आणि राज्याराज्यांत असमान, अशी आपली सध्याची स्थिती आहे. क्वीन्सलँडचा अनुभव या वादात दोन्ही बाजूंनी वापरला जाईल, तेव्हा १९४९ आणि १९५८ ही दोन्ही साले सोबत मागून घ्या. एकच दाखवणारा अर्धी गोष्ट सांगत असतो.

आणि क्वीन्सलँडमध्ये वजन पूर्ण गेले असेही नाही. एक लाख चौरस किलोमीटरहून मोठा मतदारसंघ असेल तर त्याच्या क्षेत्रफळाच्या दोन टक्क्यांइतके काल्पनिक मतदार त्याच्या यादीत धरले जातात. तीन लाख चौरस किलोमीटरचा मतदारसंघ असेल तर सहा हजार. ग्रेगरी, वॉरेगो, कुक अशा मोजक्या अवाढव्य मतदारसंघांना ही सवलत आहे. मला ती रास्त वाटते : सूत्र छापील आहे, कोणीही गुणाकार करून तपासू शकतो, आणि ती कोणत्या पक्षाकडे पाहून दिलेली नाही. बराम्बा तेवढा मोठा कधीच नव्हता, म्हणून त्याच्या वाट्याला ती आली नाही. २०१६ मध्ये जागा ८९ वरून ९३ केल्या, तेव्हा ग्रामीण जागा वाचवणे हे कारण दिले गेले. त्याच दिवशी सर्व पसंतीक्रम देण्याची सक्तीही परत आणली गेली; १९९२ पासून ती ऐच्छिक होती.

ननँगो मात्र तसाच आहे. प्रॅट तिथून अपक्ष म्हणून २००१, २००४, २००६, २००९ अशा चार वेळा आल्या. २००१ मध्ये तर राज्यात लेबरची लाट होती, ८९ पैकी ६६ जागा त्यांच्या; ननँगो त्या लाटेत हलला नाही. प्रॅट २०१२ मध्ये निवृत्त झाल्या आणि डेब फ्रेकलिंग्टन यांनी ही जागा लिबरल-नॅशनल पक्षाकडे आणली. किंगारॉय, मर्गन, ननँगो, वॉन्डाय ही चारही जुनी कौन्सिले २००८ मध्ये एकत्र करून साउथ बर्नेट हे एकच कौन्सिल झाले. नकाशे हवे असतील तर १९४९, १९५८, १९७१, १९८५ आणि १९९९ या पाच आखण्या एकावर एक ठेवून पाहा. किंगारॉयपासून सुरुवात न करता रॉकहॅम्प्टन आणि टाउन्सव्हिलपासून करा, तिथे रेषा काय करतात ते लगेच कळेल.